रेयूनियोंच्या डोंगरवाटा आणि किनारा : दहा दिवसांचा बेत आखताना

आपण बेळगाव-खानापूरचे चार मित्र डिसेंबरच्या सुट्टीत दहा दिवसांसाठी हिंदी महासागरातल्या रेयूनियों या फ्रेंच बेटावर पायी फिरायला निघाला आहात, राजहंसगड आणि चोर्ला-कणकुंबीच्या परिसरात आपला सराव आहे, आणि ज्वालामुखी, डोंगर व किनारा यांपैकी कशाला किती दिवस द्यावेत आणि वाटाड्या घ्यावा का, असे आपण विचारले आहे. माझे मत आधीच सांगतो. डिसेंबर टाळा. निम्म्याहून अधिक दिवस माफात आणि सिलाओसच्या डोंगरांना द्या, ज्वालामुखीसाठी एक सकाळ आणि एक राखीव दिवस ठेवा आणि किनारा शेवटी घ्या. वाटा खुणांनी चांगल्या आखलेल्या असल्यामुळे नेहमीच्या मार्गांवर वाटाड्याची गरज पडत नाही.

हे बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे तिथला पावसाळा आणि चक्रीवादळांचा काळ साधारण डिसेंबर ते मार्च असा असतो. कणकुंबीचा पाऊस पाहिलेल्या माणसाला पावसाचे भय वाटत नाही हे मला ठाऊक आहे, पण जानेवारी १९६६ मध्ये या बेटावर २४ तासांत १,८२५ मिलिमीटर पाऊस नोंदवला गेला होता, म्हणजे बेळगाव शहरात अख्ख्या वर्षात पडतो त्याहूनही जास्त. असा पाऊस झाला की कडे ढासळतात, ओढे ओलांडता येत नाहीत आणि वाटा आठवडेच्या आठवडे बंद राहतात. मे ते नोव्हेंबर हा कोरडा काळ असतो. सुट्टी बदलणे शक्य असेल तर सप्टेंबर-ऑक्टोबर निवडा, कारण जुलै-ऑगस्टमध्ये शिखरांवरच्या रात्री गोठणबिंदूपर्यंत उतरतात आणि आपल्याकडच्या स्वेटरवर ती थंडी भागत नाही.

दुसरी आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की नकाशावरचे किलोमीटर पाहून दिवसाचा बेत आखू नका. आपल्या घाटवाटांवर एकदा चढून पठारावर आले की पुढची चाल सपाटीची असते. रेयूनियोंचे क्षेत्रफळ सुमारे २,५०० चौरस किलोमीटर, म्हणजे बेळगाव जिल्ह्याच्या पाचव्या भागाहूनही थोडे कमी, पण त्यात समुद्रसपाटीपासून ३,०७० मीटरचे पितों दे नेज शिखर उभे आहे आणि त्याच्याभोवती माफात, सिलाओस आणि सालाझी ही तीन प्रचंड खोरी खोलवर कोरली गेली आहेत. इथे कमावलेली उंची ओढ्यापाशी गमवावी लागते आणि पलीकडच्या काठावर पुन्हा कमवावी लागते, आणि हे एकाच दिवसात दोन-तीनदा घडते. म्हणून प्रत्येक टप्प्याची एकूण चढण आणि एकूण उतरण मीटरमध्ये लिहून काढा आणि त्यावरून तास ठरवा. सहा-सात किलोमीटरच्या टप्प्याला पाच तास लागले तर त्यात आपली चाल कमी पडली असे मुळीच समजू नका.

माफातमध्ये मोटाररस्ता नाही. तिथली वस्ती छोट्या छोट्या पठारांवर विखुरलेली आहे, आणि या दुर्गम कड्यांच्या आड वस्ती सर्वांत आधी केली ती मळ्यांतून पळालेल्या गुलामांनी. बेटावरची गुलामगिरी २० डिसेंबर १८४८ रोजी संपली. आजही गॅसच्या टाक्या, सिमेंट आणि धान्य हेलिकॉप्टरने येते. बाकी सारा व्यवहार पायवाटेचा. कोल द बफ खिंडीपाशी गाडी सोडून, बाभळीच्या कुळातल्या उंच, वाऱ्याने वाकलेल्या झाडांच्या पठारावरून दोनेक तासांत ला नुव्हेल वस्तीला पोहोचता येते. पहिला मुक्काम तिथे करा. दुसऱ्या दिवशी त्रोआ रोश धबधब्यावरून मार्ला गाठा आणि तिसऱ्या दिवशी २,०८१ मीटरची ताइबीत खिंड ओलांडून सिलाओसमध्ये उतरा. दुसऱ्या दिवसाच्या वाटेवर नदीचे पात्र ओलांडावे लागते, म्हणून आदल्या रात्री वर पाऊस झाला असेल तर ला नुव्हेलहून मार्लाला थेट जाणाऱ्या वाटेने जा.

वस्त्यांमधल्या मुक्कामाच्या घरांना तिथे जीत म्हणतात. एका खोलीत अनेकांच्या खाटा असतात आणि रात्रीचे जेवण एकाच लांब मेजावर होते. भात, कडधान्य, रस्सा आणि टोमॅटो-मिरचीचा झणझणीत रुगाय असा बेत असतो, त्यामुळे आपल्या माणसाचे हाल होत नाहीत, आणि सिलाओसची बारीक मसूर तर अख्ख्या मसुरीवर वाढलेल्या आपल्यासारख्यांनी मुद्दाम मागून खावी अशीच आहे. मात्र तुमच्यापैकी कोणी शाकाहारी असेल तर खाट राखतानाच तसे कळवा, कारण रस्सा बहुधा कोंबडीचा किंवा डुकराच्या मांसाचा असतो. कोरड्या महिन्यांत या खाटा फार आधीच भरतात. विमानाच्या तिकिटापूर्वी मुक्काम पक्के करावेत, असे मी आवर्जून सांगेन.

सिलाओसमध्ये एक दिवस विसावा घेऊन पितों दे नेज करा. गावाबाहेरच्या ल ब्लोक या ठिकाणाहून कावेर्न द्युफूरच्या आश्रयघरापर्यंत सुमारे अकराशे मीटरची चढण आहे. तिथे रात्र काढून पहाटे चारच्या आत शिखराकडे निघतात आणि उरलेले सहाशे मीटर चढतात. दोन्ही मिळून ही चढण बारी गावाकडून कळसूबाई चढण्याच्या जवळपास दुप्पट भरते. डोक्याला बांधायचा विजेचा दिवा, वारा अडवणारे जाकीट आणि हातमोजे हवेतच. सूर्योदयानंतर वर रेंगाळू नका, कारण दहाच्या सुमारास दऱ्यांतून ढग वर येऊ लागतात आणि मग दिसत काहीच नाही. हाच नियम बेटावरच्या प्रत्येक उंच जागेला लागू आहे.

आता ज्वालामुखी. पितों द ला फुर्नेझ (२,६३२ मीटर) जगातल्या सर्वांत जागत्या ज्वालामुखींपैकी एक आहे. आपल्यासाठी त्याचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी ज्या लाव्हाच्या थरांनी दख्खनचे पठार आणि सह्याद्री घडला, तो पृथ्वीच्या पोटातल्या ज्या उष्णस्थानातून आला असे बहुसंख्य भूवैज्ञानिक मानतात, तेच उष्णस्थान आज या बेटाखाली आहे. भारताची भूमी त्यावरून उत्तरेकडे सरकत गेली आणि उष्णस्थान मागे राहिले. राजहंसगडाचा काळा पाषाण आणि फुर्नेझचा ताजा पाषाण यांचे मूळ असे एक आहे. आपल्याकडे तो झिजला, आणि वरच्या थरांचा कालांतराने जांभा झाला, ज्याचे चिरे आपल्या घरांच्या भिंतींत आहेत. तिथे त्याच्यावर अजून गवताची काडीही नाही.

पा द बेलकोंबच्या कड्यावरून पायऱ्या उतरून त्याच्या तळाशी, म्हणजे आंक्लो फुके या विस्तीर्ण खोलगट भागात, आपण पोहोचतो. थोड्याच अंतरावर फोर्मिका लिओ नावाची तांबूस रंगाची लहानशी टेकडी लागते. पुढे जमीन पाहत चला. एके ठिकाणी लाव्हा दोरखंडाच्या पिळांसारखा गुळगुळीत थिजलेला असतो आणि त्यावर बूट छान पकडतो, तर पाच पावलांवर तोच लाव्हा काटेरी ढेकळांचा होतो, हात टेकला तर तळवा सोलवटतो आणि पातळ तळाचे बूट एका दिवसात फाटतात. वाट म्हणजे केवळ खडकावर मारलेले पांढऱ्या रंगाचे ठिपके. धुके उतरले आणि पुढचा ठिपका दिसेनासा झाला तर तिथेच थांबा, कारण वरची पापुद्र्यासारखी कातळी आतून पोकळ असू शकते. शिखरावरच्या दोलोमियू विवराच्या दर्शनस्थळापर्यंत जाऊन येण्यास पाचेक तास लागतात, आणि वाटेत सावली नाही, पाणीही नाही. माणशी तीन लिटर पाणी न्या. एप्रिल २००७ च्या उद्रेकात या विवराचा तळ सुमारे तीनशे मीटर खचला. तिथला कठडा ओलांडून काठावर जाण्याचा मोह कोणीही करू नये.

उद्रेकाची चिन्हे दिसताच प्रशासन आंक्लोचे फाटक बंद करते. १९७९ पासून तिथे वेधशाळा आहे आणि तिच्या नोंदींवरून हा निर्णय होतो. फाटक बंद असेल तर वाद न घालता कड्यावरच्या वाटेने फिरावे आणि राखीव दिवसाचा उपयोग करावा. इतर वाटांच्या बंदीची माहिती फ्रेंच वनविभाग प्रसिद्ध करतो, ती रोज रात्री पाहा.

किनाऱ्याबद्दल थोडक्यात सांगतो. आग्नेयेला सें-फिलिपजवळ काप मेशाँच्या काळ्या कड्यांवरून केवड्याच्या कुळातल्या झाडांमधून जाणारी वाट सुंदर आहे, आणि ल त्रांब्लेपाशी २००७ च्या लाव्हाने समुद्रात नवी जमीन घातलेली दिसते. उत्तरेला ला पोसेस्यों ते ला ग्रांद शालूप ही पाषाणांनी फरसबंदी केलेली जुनी वाट अर्ध्या दिवसाची आहे. ग्रांद शालूपला करारबद्ध मजुरांना विलगीकरणात ठेवण्याच्या इमारती आहेत आणि त्या मजुरांत हजारो भारतीय होते, म्हणून तिथे घाई करू नका. पोहायचे असेल तर केवळ पश्चिमेच्या प्रवाळखाडीत किंवा जीवरक्षक असलेल्या जागीच, कारण शार्कच्या हल्ल्यांमुळे अन्यत्र बंदी आहे.

रेयूनियों फ्रान्सचा भाग असला तरी शेंगेन क्षेत्रात येत नाही, तेव्हा युरोपच्या व्हिसावर विसंबू नका. डोंगरातून हेलिकॉप्टरने सुटका करण्याचा खर्च भरून देणारा विमा मात्र जरूर काढा.

सरावाचे म्हणाल तर राजहंसगड एकदा चढून पुरेसे होणार नाही. पाठीवर आठ-नऊ किलो घेऊन एकाच सकाळी तीन-चार वेळा चढा आणि प्रत्येक वेळी पायीच उतरा. दर आठवड्याला एक फेरी वाढवा. ताइबीतहून सिलाओसची उतरण आठशे मीटरहून अधिक आहे, आणि तिथे मांड्यांची कसोटी लागते ती चढताना नव्हे, उतरताना.