ताई स्वतः काय खातात?

प्रश्न : कर्वेनगरला आमचं शाळा सुटल्यानंतरचं पाळणाघर आहे. पहिली ते सहावीची अडतीस मुलं, साडेतीन ते सात, चार ताई. ‘मुलं बिस्किटं खातात आणि नुसती बसून असतात’ अशी पालकांची कुरकुर झाली, म्हणून जूनमध्ये एका आहारतज्ज्ञ बाईंचं दोन तासांचं व्याख्यान ठेवलं. भिंतीवर आहाराचा रंगीत तक्ताही लावला. ताईंनी माना डोलावल्या. गणपती येईपर्यंत सगळं पहिल्यासारखं! ताईंना शिकवायचं तरी कसं?

उत्तर : तुमच्या ताई दुपारी किती वाजता जेवतात?

एरंडवण्यात मी एकवीस वर्षं असंच पाळणाघर चालवलं, आणि एवढा साधा प्रश्न सुचायला मला त्यातली नऊ लागली. आमच्या एक ताई दोन घरच्या पोळ्या उरकून यायच्या. चार वाजता मुलांपुढे काकडीच्या चकत्या ठेवायच्या, ‘खा रे, चांगली असते’ म्हणायच्या आणि उभ्या उभ्या स्वतः चहात खारी बुडवायच्या. काकडीकडे एक मूल बघेल तर शपथ! सगळ्यांच्या नजरा त्या खारीवर. तुटते का, चहात पडते का. मी ताईंना जरा चढ्या आवाजात बोलले. त्या म्हणाल्या, ‘बाई, सकाळपासून पोटात काही नाहीये.’ मी गप्प बसले.

दुसऱ्या दिवसापासून ताईंचा खाऊ मुलांच्याच पातेल्यातून निघायला लागला. मुगाची उसळ, थालीपीठ, पेरूच्या फोडी, कधी उकडलेलं कणीस. सगळ्यांनी एकाच सतरंजीवर बसून. खर्च वाढला, पण बाटलीतली शीतपेयं बंद केल्यावर बराचसा भरून निघाला. त्यांत १०० मिलीला साधारण १० ग्रॅम साखर असते, म्हणजे एका पेल्यात चार-पाच चमचे. त्याऐवजी मुलांच्या हाताला येईल असा माठ ठेवा. पाणी मागावं लागलं की मुलं पीत नाहीत.

आता शिकवण्याचं. व्याख्यानातलं ताईंना कळलं नाही असं समजू नका. त्यांनी घरी पोरं वाढवली आहेत, पालेभाजी चांगली हे त्यांना सांगायला नको. अडतं ते ऐन वेळी, मूल ‘शी, मला नको’ म्हणतं तेव्हा. म्हणून ते प्रसंग करून बघा. आमच्याकडे हट्टी मूल मी व्हायचे. पहिल्या दिवशी एका ताईंनी मला आधी ‘संपव, मग चॉकलेट देते’ सांगितलं आणि मग ‘ती बघ कशी शहाण्यासारखी खाते’. ही दोन्ही वाक्यं मोडायला महिना गेला. पहिल्यानं चॉकलेट बक्षीस ठरतं आणि भाजी शिक्षा. दुसऱ्यानं शेजारची मुलगी शत्रू होते. त्याऐवजी आम्ही एवढंच ठेवलं : ‘चाखून बघ, नको तर राहू दे.’ नवा पदार्थ मुलांना पसंत पडायला तो दहा-पंधरा वेळाही समोर यावा लागतो. ताईंना हे आधीच सांगा, नाहीतर तिसऱ्या दिवशी त्याच म्हणतील, ‘आमची मुलं उसळ खातच नाहीत.’

अमेरिकेत बोस्टनला २०१०-११ च्या शालेय वर्षात हार्वर्डच्या मंडळींनी शाळेनंतरच्या २० केंद्रांवर प्रयोग केला. निम्म्या केंद्रांतल्या कर्मचाऱ्यांना वर्षात तीनदा एकत्र बसवलं. आपल्याकडे काय बदलायचं ते त्यांनीच ठरवायचं, करून बघायचं, पुढच्या बैठकीला सांगायचं. तिथे मुलांना पाणी जास्त दिलं जाऊ लागलं, दमवणारा खेळही वाढला. मला यातलं ‘त्यांनीच ठरवायचं’ महत्त्वाचं वाटतं.

खेळाचं बघू. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं अंगमेहनत सांगते. त्यातली निम्मी तुमच्याकडे व्हावी. एक दिवस घड्याळ घेऊन कोपऱ्यात बसा आणि एकाच मुलावर नजर ठेवा. अर्धा तास ‘खेळ’ असतो, त्यात मूल पळतं किती? आमच्याकडे संगीतखुर्ची चालायची. त्यात पहिल्या फेरीत बाद होतो तो गोल-मटोल, लाजाळू मुलगा, ज्याला पळण्याची सगळ्यांत जास्त गरज, आणि तोच वीस मिनिटं भिंतीला टेकून बसतो. विषामृत घ्या : विषानं गोठलेल्याला अमृत सोडवतं. साखळी घ्या : पकडलेला साखळीतच येतो. दोन्हीत कुणी बाद होत नाही, साहित्य लागत नाही, सोसायटीचं पार्किंग पुरतं (चेअरमनना आधी सांगून ठेवा, तो वेगळाच व्यायाम आहे). पावसाळ्यात खोलीतच दोरीच्या उड्या, फुगड्या.

हे खेळ ताईंनी आधी स्वतः खेळावेत. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना अमृत करा, न पळता चालत जाऊन हात लावायचं काम द्या. आणि ‘गृहपाठ झाला नाही तर खेळायला सोडणार नाही’ ही धमकी तुमच्याकडेही असणारच. ती पहिल्याच बैठकीत बंद करा.

तक्ता उतरवला तरी चालेल. खिळा राहू द्या, दोऱ्या अडकवायला उपयोगी पडेल.

बैठक तासाभराची, दर महिन्याला, सव्वादोनला, मुलं यायच्या आधी. शनिवारी जादा बोलावणार असाल तर त्या दिवसाचे पैसे द्या.