‘आणखी दोन इंजेक्शनं मिळाली असती, तर...’

महासाथ ओसरली, मास्क कपाटाच्या तळाशी गेले, पण माझ्या समुपदेशनाच्या खोलीत एक वाक्य अजूनही येतंच आहे. ‘मी तेव्हा अमुक केलं असतं, तर वाचले असते.’ अमुकच्या जागी काहीही असतं. दोन दिवस आधी केलेला सीटी स्कॅन, दुसरं हॉस्पिटल, टाळता आलं असतं असं एखादं लग्न, रात्री वाजलेला आणि न उचललेला फोन. परवा एक मुलगी आली होती. तिचे वडील हृदयविकाराने गेले, कोविडचा काही संबंध नाही. तरी अर्ध्या तासात ती २०२१ मध्ये गेलेल्या मावशीपाशी पोचली आणि हेच वाक्य म्हणाली. इंदूरच्या मराठी घरांतून मी ते इतक्यांदा ऐकलं आहे की आता त्याबद्दल लिहायलाच हवं.

ज्यांची हकीकत सांगते आहे त्यांना श्रीकांतराव म्हणू. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. २०२२ च्या पावसाळ्यात ते आले, म्हणजे खरं तर बायकोने त्यांना आणलं. राजेंद्र नगरातलं घर, वय पन्नाशीला टेकलेलं, नोकरी व्यवस्थित. बायकोची तक्रार अशी की हे आईशी बोलत नाहीत. आईंची औषधं, तपासण्या, पेन्शनचं काम, सगळं चोख. पण आई जेवायला बसल्या की हे ताट घेऊन टीव्हीसमोर जातात. वडिलांचा विषय तर घरात बंदच. वर्षश्राद्धाच्या दिवशीसुद्धा गुरुजी गेल्यावर कोणी काही बोललं नाही.

“आईंना त्रास होईल म्हणून आम्ही विषय काढत नाही,” बायको म्हणाली. हेही मी नेहमी ऐकते.

पुढचं मी थोडक्यात सांगते, कारण २०२१ च्या त्या एप्रिलची हकीकत वाचकांपैकी अनेकांनी स्वतः भोगली आहे. आई-बाबा दोघंही पॉझिटिव्ह. आई वरच्या खोलीत तापाने पडलेल्या. बाबांचा ऑक्सिजन उतरत गेला, मोठ्या मुश्किलीने बेड मिळाला. डॉक्टरांनी रेमडेसिविरची सहा इंजेक्शनं लिहून दिली, पहिल्या दिवशी दोन आणि पुढचे चार दिवस एकेक. बाहेर कोरोना कर्फ्यू, आणि दवा बाजारासमोर रांगा. श्रीकांतरावांनी चार मिळवली. दोन मिळाली नाहीत. बाबा गेले. मुक्तिधामात घरचे तिघंच होते, तेही लांब उभे. आईंना तर नेताच आलं नाही.

“दोन कमी पडली,” ते मला म्हणाले.

“चार आणलीत तुम्ही.”

“दोन कमी पडली, मॅडम.”

‘तू खूप केलंस’ हे त्यांना सगळ्यांनी सांगून झालं होतं. भावाने, ऑफिसातल्यांनी, डॉक्टरांनीसुद्धा. अशा माणसाला पाठीवर हात ठेवून काही उपयोग होत नाही, कारण तो मनातल्या मनात म्हणतो, ‘यांना सगळं माहीत नाही.’ माझी घडण मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ परंपरेतली आहे, म्हणजे त्रास देणारे विचार तर्काने तपासून पाहण्याच्या. माझे काही सहकारी म्हणतात की शोकात असलेल्या माणसाशी तर्काने बोलू नये. मला ते पटत नाही. दुःखाशी वाद घालू नये, हे बरोबर. बाप गेल्यावर दुःख व्हायलाच हवं, मी ते कमी करायला बसलेली नाही. पण त्या दुःखाला एक आरोप चिकटलेला असतो आणि आरोप म्हटला की त्याची तपासणी होऊ शकते.

म्हणून तिसऱ्या की चौथ्या भेटीत मी त्यांना विचारलं, “सहा मिळाली असती तर बाबा वाचले असते, हे तुम्हाला कोणी सांगितलं?”

“कोणी कशाला सांगायला हवं? डॉक्टरने लिहून दिलं होतं.”

मी त्यांना सांगितलं की जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्येच, म्हणजे बाबांच्या आजारपणाच्या पाच महिने आधी, हॉस्पिटलात दाखल असलेल्या कोविड रुग्णांना रेमडेसिविर देऊ नये अशी सशर्त शिफारस केली होती. अनेक देशांत मिळून झालेल्या मोठ्या चाचणीत त्याने मृत्यू टळतात असं ठळकपणे दिसलं नव्हतं. आपल्याकडे ते लिहून दिलं जात होतं, लोक जिवाच्या आकांताने शोधत होते, पण त्या दोन बाटल्यांनी फरक पडला असता असं छातीठोकपणे म्हणण्याजोगं काही कोणाच्याच हाती नव्हतं.

माझ्यासमोरचा माणूस यावर सुटकेचा श्वास टाकेल असं वाचकांना वाटेल. श्रीकांतराव भडकले. इंदूरचा मराठी माणूस खरा चिडला की हिंदीत जातो, तसे ते गेले. “तो फिर मैं भागा किसलिए? चार दिन, रात-दिन, किसलिए?” खुर्चीवरून उठले, खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. मी काही बोलले नाही. या व्यवसायात गप्प बसायला शिकायला सर्वांत जास्त वेळ लागतो, आणि ते मला बऱ्यापैकी जमतं असं मी म्हणेन.

बऱ्याच वेळाने ते मागे वळले. मराठीत आले. “म्हणजे मी काहीही केलं असतं तरी...?”

वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही. मीही केलं नाही. ते खाली बसले आणि रडले. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा, हे त्यांनीच नंतर सांगितलं.

त्या दुपारी मला जे स्पष्ट दिसलं, ते मी तेव्हापासून प्रत्येक अशा माणसाच्या बाबतीत पडताळून पाहिलं आहे. अपराधभाव सोसायला जड असतो, पण असहायता त्याहून जड असते. ‘मी चुकलो’ म्हणणाऱ्याला निदान एवढं तरी वाटत राहतं की एक रस्ता होता, बाबा वाचू शकत होते, सगळं आपल्या हातात होतं. तो आरोप काढून घेतला की उरतं ते एवढंच की एक आजार आला, आपण जिवापाड धावलो आणि तरी माणूस गेला. ते पाहायला लागू नये म्हणून मन स्वतःला गुन्हेगार ठरवून घेतं. श्रीकांतराव वर्षभर दोन बाटल्यांशी बोलत होते, बाबांसाठी रडायला त्यांना सवडच मिळाली नव्हती. म्हणून दोष काढून घेताना माणूस हलका होण्याऐवजी आधी कोसळतो, चिडतो. घरच्यांनी त्या वेळी घाबरून ‘जाऊ दे, विषय सोड’ म्हणू नये. रडणं तिथूनच सुरू होतं.

राहिला आईंचा प्रश्न. पुढच्या भेटीत मी विचारलं, “आईंशी का बोलत नाही?”

“ती विचारेल.”

“काय विचारेल?”

“दोन कुठे गेली म्हणून.”

“सहा लागणार होती हे त्यांना माहीत आहे?”

ते थांबले. “सांगितलं असेल कोणीतरी.” मग, “माहीत नाही.”

मी आईंना घेऊन यायला सांगितलं. काकू आल्या, नऊवारीतल्या नव्हे, साध्या सुती पाचवारीतल्या, हातात पिशवी आणि पिशवीत माझ्यासाठी डब्यात चिवडा. बसल्याबसल्या त्यांनी माझ्याकडे पाहून म्हटलं, “ताई, हा माझ्यावर रागावलाय ते बरोबरच आहे.”

श्रीकांतराव बघतच राहिले.

साठीच्या पुढच्यांना लस १ मार्च २०२१ पासून मिळू लागली होती. बाबांचं नाव नोंदवूनही झालं होतं. काकू म्हणाल्या, “मीच ह्यांना म्हटलं, लसीने ताप येतो म्हणतात, रंगपंचमी होऊन जाऊ दे. गेरची मिरवणूक त्या वर्षी निघणार नव्हती, कोणी येणार नव्हतं, तरी म्हटलं, सणाला अंथरुणात नको. रंगपंचमी झाली आणि पुढच्याच आठवड्यात खोकला लागला.” आणि मग, मुलाकडे न बघता, “मी अडवलं म्हणून गेले ते.”

“आई, बाबा स्वतःच टाळत होते! मी दोनदा म्हटलं चला, तर म्हणाले, पुढच्या सोमवारी बघू. इंजेक्शनच्या सुईला घाबरायचे ते, तुला माहीत नाही?”

“घाबरायचे हे खरं,” काकू म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, “इंजेक्शनं कसली म्हणतोस तू? मी वर तापात होते, मला कोणी काही सांगितलं नाही.”

तेव्हा त्यांनी आईला ती चार इंजेक्शनं कशी मिळाली ते सांगितलं, एकेक करून. दोन दवा बाजारात, पहाटेपासून रांगेत उभं राहून. एक ऑफिसातल्या मित्राच्या ओळखीने, अव्वाच्या सव्वा पैसे मोजून. चौथं देवासहून, मेव्हण्याने कर्फ्यूत स्कूटरवरून आणलेलं, दुधाच्या बरणीत बर्फ भरून त्यात ठेवलेलं. “नंतर कळलं, त्या पावडरच्या बाटलीला बर्फ लागतच नव्हता,” श्रीकांतराव म्हणाले. काकूंना हसू आलं. “दुधाच्या बरणीत! ह्यांना सांगायला हवं होतं हे.” त्यानंतर दोघंही रडले, आणि मी चिवड्याचा डबा मध्ये सरकवला.

एका छताखाली दोघं जण दीड वर्ष स्वतःला खुनी समजत राहिले आणि प्रत्येकाला वाटत होतं की समोरच्याला सगळं ठाऊक आहे. ‘त्रास होईल म्हणून विषय काढत नाही’ हा घरातला प्रेमळ नियम होता, त्यानेच हे होऊ दिलं. त्यामुळे माझा पहिला सल्ला हाच असतो की ज्याच्यासमोर गेलेल्या माणसाचं नाव घ्यायला तुम्ही घाबरता, त्याच्याशीच आधी बोला. भाषण नको. ‘त्या दिवसात तुझ्या मनात काय काय येत होतं?’ एवढं विचारा आणि थांबा. ‘सुटले बिचारे’, ‘त्यांची वेळच आली होती’, ‘पॉझिटिव्ह विचार करा’ ही वाक्यं बोलणाऱ्याला बरी वाटतात, ऐकणाऱ्याचं तोंड बंद करतात.

दुसरं, वहीत दोन रकाने करा. एकात त्या दिवशी तुम्हाला काय माहीत होतं ते, दुसऱ्यात नंतर काय कळलं ते. तारखेनिशी. जुन्या फोनमधल्या कॉलची यादी आणि मेसेज मदतीला येतात. निकाल हाती आल्यावर पेपर सोडवायला बसलं की सगळी उत्तरं सोपी वाटतात, तसं आपलं मागे वळून बघताना होतं. बहुतेकांचा पहिला रकाना बघण्यासारखा असतो. किती फोन केले, किती ठिकाणी गेले, स्वतः तापात असताना. आणि कधी पहिल्या रकान्यात खरोखरीच चूक सापडते. तीही सापडू द्या. माणूस घाईत, भीतीत चुकतो. त्याची खंत वाटेल, खंत वाटणं निरोगी आहे. त्यावरून ‘मी वाईट मुलगा’ असा निकाल लावायचं कारण नाही.

अनेकांना शेवटचा चेहरा न पाहिल्याचं शल्य असतं. केंद्र सरकारच्या मार्च २०२० च्याच सूचनांमध्ये नातेवाइकांना चेहरा दाखवायला आणि स्पर्श न करता पाणी शिंपडणं, पोथी वाचणं यांसारखे विधी करायला मुभा होती. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी ते घडलं नाही. हे कळल्यावर राग येतो, तो रास्त आहे. मात्र तो स्वतःवर काढू नका. राहून गेलेलं अजूनही करता येतं. श्रीकांतरावांच्या घरी त्या वर्षीच्या पितृपक्षात, तेराव्याला येऊ न शकलेले सगळे आले. देवासचे मेव्हणेही. श्राद्ध झालं, मग जेवणानंतर बाबांच्या गोष्टी झाल्या, त्यात त्यांच्या कंजूषपणाच्याही होत्या. माझ्या मते त्या दिवशी मंत्रांइतकंच काम त्या गोष्टींनी केलं, पण मी गुरुजी नाही.

शोकाच्या पाच पायऱ्यांचा मेसेज घेऊन येणारे पुष्कळ भेटतात. ‘मी अजून रागाच्याच पायरीवर आहे, माझं काही चुकतंय का?’ मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये ते टप्पे मांडले, ते स्वतः मरणाला सामोऱ्या जाणाऱ्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांनी क्रमाने चढायचा तो जिना नाही. राग तीन वर्षांनी परत येईल, मध्येच हसू येईल, दोन्ही चालतं.

पण काही गोष्टी दिसल्या तर वाट पाहू नका. सहा महिने उलटून गेले, आपल्या समाजात शोकाला जेवढा काळ साहजिक मानतात तोही गेला आणि तरी दिवसचे दिवस फक्त गेलेल्या माणसाची ओढ, काम होत नाही, खाणं-झोपणं बिघडलेलं, माणसं टाळली जातात, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात याला लांबलेल्या शोकाचा विकार म्हणून वेगळं स्थान आहे. त्यावर उपचार आहेत. ‘मलाही त्यांच्याकडे जायचंय’ असं कोणी म्हणालं तर ती बोलण्याची पद्धत आहे असं समजू नका, त्याच दिवशी कोणाशी तरी बोला. समुपदेशक, मानसोपचारतज्ज्ञ किंवा सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा, जी चोवीस तास सुरू असते. तिचा क्रमांक १४४१६.