चॉकलेट सिस्टच्या ऑपरेशनची तारीख घेण्याआधी एएमएच करून घे

तुझी पोस्ट वाचली आणि हातातलं काम टाकून लिहायला बसले. वय २९, डाव्या बाजूला साडेचार सेंटिमीटरची चॉकलेट सिस्ट (एन्डोमेट्रिओसिसमुळे अंडाशयात होणारी, जुन्या रक्ताने भरलेली गाठ), दीड वर्षं चान्स घेताय, आणि डॉक्टर म्हणतात पुढच्या आठवड्यात दुर्बिणीतून काढून टाकू, मग दिवस राहतील. सात वर्षांपूर्वी मी अगदी इथेच होते, फक्त माझ्या दोन्ही बाजूला होत्या.

एन्डोमेट्रिओसिस म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढणं, हे वगैरे तू वाचलंच असशील, ते सोडते. मी डॉक्टर नाही, तुझे रिपोर्ट पाहिलेले नाहीत, पण एक विचारते, एएमएच, म्हणजे अंडाशयात अंड्यांचा साठा किती उरलाय याचा अंदाज देणारी तपासणी, केलीस का? पोस्टमध्ये कुठेच दिसली नाही. साधी रक्ततपासणी आहे, पाळीच्या कुठल्याही दिवशी होते, उपाशीपोटी जावं लागत नाही.

माझी कोणी केली नाही आणि मीही विचारलं नाही, सगळ्यात महागात पडलेली चूक तीच. ऑपरेशन झाल्यावर नवऱ्याला बाहेर बोलावून बरणी दाखवली, बघा एवढं निघालं, आणि तीच बरणी घेऊन तो रिक्षाने लॅबला गेला. आम्हाला बरं वाटलं, घाण गेली एकदाची. नंतर आठ महिने काहीच नाही म्हणून दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो, तिथे पहिल्यांदा एएमएच झाली, ०.६, वयाच्या मानाने खूपच कमी. वय ३१. त्यांनी विचारलं आधी किती होती, आणि आमच्याकडे उत्तरच नव्हतं.

ही गाठ अंडाशयाला चिकटलेली असते गं, सोलून काढताना चांगला भागही थोडा सोबत येतो, शिवाय रक्त थांबवायला आतून जाळतात त्यानेही नुकसान होतं. गाठीमुळे एएमएच आधीच कमी झालेली असू शकते हेही खरं, म्हणून तर आधीचा आकडा हवा होता.

आता कागदांचं सांगते, कारण अजून राग येतो. डिस्चार्ज कार्डावर एकच ओळ, दोन्ही बाजूच्या गाठी काढल्या. बायोप्सीचा रिपोर्ट आम्ही कधी आणलाच नव्हता, तो परस्पर हॉस्पिटलला गेलेला. रेकॉर्डच्या खिडकीवर चार खेपा घातल्या, साहेब जेवायला गेलेत, फाइल खाली आहे, अर्ज लिहून आणा. शेवटी मिळाला तर त्यात लिहिलेलं, गाठीच्या भिंतीसोबत नॉर्मल ओव्हेरियन टिश्यू, फॉलिकल्स दिसतात, म्हणजे अंडाशयाचा चांगला भाग, अंडी असलेल्या बारीक पिशव्यांसकट, निघून आला होता. तिथेच बाकड्यावर बसून ती ओळ किती वेळा वाचली असेन. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांत आहे की पेशंटने रेकॉर्ड मागितलं तर ७२ तासांत द्यायचं, तेव्हा माहीत असतं तर लेखी अर्ज करून पोच घेतली असती. तू घेच, ऑपरेशनची सीडीपण माग.

ऑपरेशन करूच नको असं मी म्हणत नाहीये. दुखणं सहन होत नसेल, गाठ झपाट्याने वाढत असेल, सोनोग्राफीत काही संशयास्पद असेल तर थांबू नये. पण फक्त आयव्हीएफचा (टेस्ट ट्यूब बेबीचा) निकाल सुधारेल म्हणून सरसकट गाठ काढू नका असं युरोपच्या एशरे या वंध्यत्व-तज्ज्ञांच्या संस्थेच्या २०२२ च्या गाइडलाइनमध्ये स्पष्ट आहे, आणि माझं मत विचारशील तर एएमएच आणि पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीची फॉलिकल मोजायची सोनोग्राफी हातात आल्याशिवाय तारीख घ्यायचीच नाही. एएमएच कमी आली तरी आपोआप दिवस राहत नाहीत असं नसतं, आयव्हीएफमध्ये साधारण किती अंडी मिळतील याचा तो अंदाज आहे. माझी पहिल्या वेळी तीन मिळाली, एकच एम्ब्रिओ झाला, टिकला नाही.

आणि हो, मिस्टरांची सीमेन टेस्ट झाली का? दोन ते सात दिवसांचा गॅप ठेवून द्यायची असते. आमच्याकडे तीही ऑपरेशननंतर झाली. डायनोजेस्ट (एन्डोमेट्रिओसिसवरची हार्मोनची गोळी) चालू केली असेल तर ती घेताना सहसा दिवस राहत नाहीत, ते डॉक्टरांशी नीट बोलून घे, मनाने बंद करू नकोस.

सासूबाई घाई करतायत लिहिलंयस. ही गाठ आठवड्यात पळून जात नाही, त्यांना सांग एक तपासणी राहिलीय, तेवढी झाली की ठरवू.