रास्पबेरी पाय 5 घेण्याआधी मेमरी कार्ड तपासा

प्रश्न: घरी रास्पबेरी पाय 4 (4 जीबी रॅमचा, एकाच बोर्डावरचा छोटा संगणक) आहे. त्यावर होम असिस्टंट (घरातली स्मार्ट उपकरणं सांभाळणारं सॉफ्टवेअर), पाय-होल (जाहिराती अडवणारं सॉफ्टवेअर) आणि 2.5 इंची हार्ड डिस्कवर फोटोंचा बॅकअप चालतो. सगळं मेमरी कार्डवरूनच सुरू होतं आणि हल्ली फार रखडतं. 8 जीबीचा पाय 5, कूलर, 27 वॅटचा अडॅप्टर, केस, एम.2 हॅट (एसएसडी बसवायचा जोडबोर्ड) आणि 256 जीबी एनव्हीएमई (वेगवान एसएसडी) असा संच 21,600 रुपयांना, 6 महिन्यांच्या नो-कॉस्ट ईएमआयवर मिळतोय. हातात पगार 46,000, अडीअडचणीसाठी बाजूला 70,000. घेऊ का?

उत्तर: आत्ता नको. राखीव रक्कम दोन पगारांइतकीही नाही, त्यात महिना 3,600 चा हप्ता कशाला लावून घ्यायचा? शिवाय तुमची ही कामं पाय 4 ला जड नाहीत. माझा संशय कार्डावर आहे. होम असिस्टंट मुळात दर 5 सेकंदांनी डेटाबेसमध्ये नोंदी लिहितो, आणि बारीकसारीक लिखाणात मेमरी कार्डाचा दम लगेच निघतो.

खात्री करून घ्या. रखडत असतानाच टर्मिनलवर 'टॉप' ही कमांड लावा. 'डब्ल्यूए'चा (डिस्कसाठी थांबण्यात गेलेल्या वेळेची टक्केवारी) आकडा सतत 20-30 च्या वर असेल, तर प्रोसेसर कार्डाची वाट बघत बसलाय. 'फ्री' या कमांडच्या 'अव्हेलेबल' रकान्यात एक जीबीच्या आसपास मेमरी शिल्लक दिसत असेल, तर 8 जीबीचे पैसे वाया जाणार. सिस्टिमच्या लॉगमध्ये 'अंडर-व्होल्टेज डिटेक्टेड' (वीज कमी पडतेय) दिसलं तर दोषी अडॅप्टर किंवा केबल. 5 व्होल्ट 3 अँपिअरचा चांगला अडॅप्टर लावा.

कार्डच दोषी निघालं तर 256 जीबीची साटा एसएसडी, यूएसबी 3 चं एन्क्लोजर (एसएसडी यूएसबीला जोडणारी डबी) आणि स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब, यासाठी 5,500 चं बजेट धरा. हबवर काटकसर करू नका. पाय 4 चे चारही यूएसबी पोर्ट मिळून 1.2 अँपिअरच देतात. हार्ड डिस्क आणि एसएसडी एकदम लावली की सुरुवातीलाच डिस्क गायब होते आणि लोक एसएसडीला शिव्या घालतात. आधी फोटोंची आणखी एक प्रत काढा. मग 'एसडी कार्ड कॉपियर'ने कार्ड एसएसडीवर उतरवा, 'रास्पी-कॉन्फिग' या सेटिंग्जच्या साधनात बूट ऑर्डर (मशीन कशावरून सुरू व्हावं) यूएसबीला द्या, मशीन बंद करा, कार्ड काढा आणि सुरू करा. निळ्या (यूएसबी 3) पोर्टातच जोडा. काही एन्क्लोजरच्या चिप यूएएसपी या वेगवान यूएसबी मोडमध्ये अडखळतात, म्हणून परत करता येईल असंच घ्या.

नो-कॉस्टबद्दल: व्याज दुकानदार सवलतीतून वळतं करतो, पण बँक त्यावर 18 टक्के जीएसटी तुमच्याकडूनच घेते. दर 15 टक्के धरला तर व्याज सुमारे 910, त्यावरचा कर 165. प्रक्रिया शुल्क 199 असेल तर करासह 235. म्हणजे 400 गेलेच. रोखीची सूट सुटली तर ती वेगळी.

एसएसडीनंतरही 'टॉप'मध्ये प्रोसेसरचे चारही कोअर भरलेले दिसले, तर पाय 5 जरूर घ्या. पण 4 जीबीचा, आणि रोखीने. रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते, नंतर वाढवता येत नाही, म्हणून मापून ठरवा. हीच एसएसडी त्यालाही चालेल, त्यामुळे हॅट आणि एनव्हीएमई सध्या वगळा. 27 वॅटचा अडॅप्टर मात्र वगळू नका. 3 अँपिअरवर पाय 5 यूएसबीला एकूण 600 मिलिअँपिअरच सोडतो आणि तुमची हार्ड डिस्क थेट पोर्टात लावलीत तर तेवढ्यावर तग धरणार नाही. जुनी केसही बसणार नाही, लॅन आणि यूएसबीच्या जागा उलटसुलट झाल्यात.