रत्नागिरीच्या कॅफेत खेळलेला ‘स्पायडर-मॅन २’ आणि मुंबईत आतेभावाकडे पाहिलेला इतका वेगळा का?

कारण ते दोन वेगळे गेम आहेत. २००४ साली चित्रपटासोबत प्लेस्टेशन २, एक्सबॉक्स आणि गेमक्यूब या कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायच्या यंत्रांवर, आलेला गेम ट्रेयार्क या स्टुडिओचा; त्यात अख्ख्या मॅनहॅटनभर मोकळं फिरता येतं. कॉम्प्युटरवरचा दुसऱ्या स्टुडिओचा, लहान मुलांसाठी सोपा केलेला. कॅफेत तोच वाट्याला आला, याचं वाईट वाटतं.

खरी मजा जाळ्यात आहे. कन्सोलवर ते हवेत नाही, खऱ्या इमारतीला चिकटतं. मोकळ्या पाण्यावर गेलात की आधारच नाही! झोका नेमका कधी सोडायचा, हे वाडीतल्या आंब्याच्या झोपाळ्यावरून उडी टाकलेल्या कुणालाही पटकन जमेल. जुना प्लेस्टेशन २ मिळाला तर जरूर खेळा. पिझ्झा पोचवायची कामं टाळू नका, शहर त्यातच पाठ होतं.