गिटार वाजवता येत नाही. घरच्या घरी गाणी करताना रिदम गिटारसाठी कोणतं प्लगइन घ्यावं, जे खरं वाटेल?

प्रश्नातलं ‘खरं वाटेल’ वाचलं आणि राहवलं नाही. याच दोन शब्दांवरून माझं एका गिटारवाल्या मित्राशी तीन वर्षं वाजतंय.

आधी कामाचं सांगून टाकतो. प्लगइन म्हणजे रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायचं तयार वाद्य. गिटारची ही प्लगइन दोन प्रकारची. एकात वादकाने वाजवलेले तयार ठेके असतात. कीबोर्डच्या वरच्या पट्ट्यांवर कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) दाबायची, खालच्या पट्ट्यांनी ठेका बदलायचा. उजॅमची व्हर्च्युअल गिटारिस्ट मालिका आणि नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सची सेशन गिटारिस्ट ही त्यातली. दुसऱ्यात सुटे सूर सॅम्पल केलेले, म्हणजे खऱ्या गिटारवरून रेकॉर्ड केलेले असतात आणि ठेका आपण बांधायचा. म्युझिकलॅबचं रिअलगिटार, अँपल साउंडची अँपल गिटार वगैरे. पहिल्यात पाच मिनिटांत ट्रॅक तयार, पण ठेका तुमच्या गाण्याला बसला नाही तर नाहीच बसला. दुसऱ्यात सगळं आपल्या हातात, म्हणजे बिघडवणंही. गिटार येत नाही म्हणताय तर पहिला प्रकार घ्या. झालं उत्तर.

आता माझं ऐका. एका मैत्रिणीने गायलेलं गाणं मी बांधत होतो. मिनिटाला ९२ मात्रांची लय, अकूस्टिक गिटार, एका बारमध्ये (म्हणजे आवर्तनात) आठ स्ट्रोक, म्हणजे तारांवरून हाताचे फटके, खाली-वर, खाली-वर. प्लगइन दुसऱ्या प्रकारातलं. दोन रात्री जागून ट्रॅक केला आणि कौतुकाने मित्राला ऐकवला. पहिला अंतरा यायच्या आतच त्याने हेडफोन काढून ठेवला. म्हणाला, “याला डावा हातच नाही.”

मला वाटलं, आवाज कमअस्सल आहे. म्हणून आणखी एक प्लगइन घेतलं, मोठ्या सॅम्पलांचं. मग तिसरं. दर वेळी त्याचं तेच वाक्य. नावं सांगत नाही, कारण दोष त्यांचा नव्हताच.

शेवटी एका वादकाचा व्हिडिओ आवाज बंद करून बघत बसलो, फक्त डावा हात. तेव्हा कळलं. कॉर्ड बदलायच्या आधीच्या शेवटच्या अपस्ट्रोकला (वर येणाऱ्या फटक्याला) डाव्या हाताची बोटं तारांवरून उठलेली असतात. उजवा हात मात्र थांबत नाही, त्यामुळे तो एक स्ट्रोक मोकळ्या तारांवर पडतो. माझ्या ट्रॅकमध्ये ‘जी’ (G) ही कॉर्ड शेवटच्या क्षणापर्यंत घट्ट धरलेली, आणि पुढच्याच क्षणी ‘सी’ (C) हजर. असं वाजवायला दोन डावे हात लागतील! शिवाय माझ्या प्रत्येक अपस्ट्रोकला सहाही तारा वाजत होत्या. खरा वादक वर येताना बहुतेकदा बारीक तीन-चार तारांनाच स्पर्श करतो. एफ कॉर्ड तर मी चक्क पियानोची दिली होती, एफ-ए-सी असे तीन सूर चिकटून. गिटारवर बोट आडवं टाकून धरलेली एफ म्हणजे एफ-सी-एफ-ए-सी-एफ, दोन सप्तकं व्यापणारी. आणि सगळे स्ट्रोक जाड तारेपासून नेमके मात्रेवर सुरू केलेले. बारीक तारेपर्यंत पोचायला हाताला वीस-तीस मिलिसेकंद सहज लागतात, त्यामुळे सगळी गिटार मागे रेंगाळल्यासारखी वाटायची. ट्रॅक थोडा आधी सरकवला, बाकीचं दुरुस्त केलं, तेही पहिल्याच प्लगइनमध्ये. उरलेली दोन तशीच पडून आहेत.

मित्राने ऐकलं. म्हणाला, “बरंय. पण गिटार शीक. खोटं ते खोटंच.”

हे कोण बोलतंय? ज्याच्या एकाही गाण्यात आजवर जिवंत ड्रमर नाही! ड्रम सॅम्पलमधले चालतात, गिटार मात्र सोवळ्यातली.

गेल्या वर्षी माझ्या एका गाण्यात तो स्वतः वाजवायला आला. खरी गिटार, चांगला माइक, अकरा टेक. मग म्हणाला, “तिसऱ्या ओळीत मागे पडलोय, ग्रिडवर घे,” म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये नेमक्या मात्रेवर सरकव. मग दुसऱ्या ओळीत. मग, “सगळंच एकसारखं कर ना.” केलं. दुसऱ्या बाजूला वेगळा टेक द्यायचा त्याला कंटाळा आला, म्हणून तोच ट्रॅक कॉपी करून डावी-उजवीकडे टाकायला लावला. कॉपी पॅन केली की आवाज रुंद होत नाही, मधोमध नुसता मोठा होतो, हे त्याला माहीत नाही असं नाही. (प्लगइन वापरतानाही दोन्ही बाजूंना वेगवेगळे ठेके द्या किंवा निदान तीच कॉर्ड गिटारवर दुसऱ्या जागी धरलेली घ्या.) पूर्ण गाणं ऐकून तो म्हणाला, “यात जीव नाही.” मी म्हटलं, “डावा हात तर तुझाच आहे.” तेव्हापासून त्याचं म्हणणं असं की माझं एडिटिंग वाईट आहे.

तर प्लगइन बदलण्याआधी स्ट्रोक तपासा. दुसरा प्रकार करून बघायचाच असेल तर अँपल गिटार एमची लाइट आवृत्ती फुकट आहे, तिच्यावर महिनाभर हात बसवा. कॉन्टॅक्टवर (सॅम्पल वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) चालणारं काही घेणार असाल तर ते फुकटच्या कॉन्टॅक्ट प्लेअरमध्ये चालतं की पूर्ण कॉन्टॅक्ट लागतो, हे आधी बघा.

आणि हो, हे सगळं गिटार ड्रम-बेससोबत मिक्समध्ये असेल तर. नुसता गळा आणि एकच गिटार असं गाणं असेल तर प्लगइनच्या नादी लागू नका, वाजवणारा माणूस शोधा. माझं पुढचं गाणं नेमकं तसंच आहे, आणि त्या मित्राला फोन करायचं मी दोन आठवडे टाळतोय.