आधी प्रवास मोज, मग डोंगर काढ

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

कादंबरीतल्या काल्पनिक देशाचा तू काढलेला नकाशा पाहिला. देखणा आहे, पण असा लेखकाला पाठवू नकोस. पाचव्या प्रकरणात घोडेस्वार सकाळी राजधानीतून निघून दिवेलागणीला बंदरावर पोचतो. अकराव्यात तीच वाट बैलगाड्यांचा तांडा दोन दिवसांत कापतो. म्हणजे अंतर 50 किलोमीटरच्या आसपास. तुझ्या प्रमाणपट्टीने ते 300 भरतं!

तेव्हा संगणक बंद कर आणि वही घे. हस्तलिखितातला प्रत्येक प्रवास टिपून काढ: कोण, कुठून कुठे, कशावर बसून, किती दिवस, वाटेत काय ओलांडलं. कुठे मेळ बसला नाही तर नकाशात गुपचूप सावरून घेऊ नकोस, लेखकाला विचार. आपण त्याचे सगळ्यात खवचट वाचक असतो, आणि त्याला ते हवंच असतं.

मग पाणी. तुझ्या नकाशातली मोठी नदी मधेच फुटून दोन समुद्रांना मिळते. नद्या वाटेत एकमेकींना मिळत जातात. फाटे फुटतात ते बहुधा मुखाजवळ. आपली तापी बघ. मुलताईला उगम, उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याच्या रांगा, मधल्या खोलगट पट्ट्यातून 724 किलोमीटर पश्चिमेला जाऊन सुरतेपाशी समुद्र. पूर्णा, वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा दक्षिणेकडून लांबून येतात. सातपुड्याच्या नद्या मात्र आखूड, कारण डोंगर हाकेच्या अंतरावर. चांगदेव, मुडावद, प्रकाशे ही गावं संगमांवर वसली. उत्तरेतून दख्खनेत उतरणाऱ्या वाटेवर असीरगड आला. तुझी राजधानी उघड्या माळावर, पाण्यापासून कोसभर लांब का? कथेत शापबिप असेल तर राहू दे.

आता सॉफ्टवेअर. वंडरड्राफ्ट या नकाशे रंगवायच्या प्रोग्रॅमचे तयार डोंगर-झाडांचे शिक्के छान आहेत, पण सुरुवात त्यांनी केली की मोकळी दिसेल ती जागा डोंगरांनी भरत सुटतो माणूस. ते शेवटी. सातपुड्याचा एसआरटीएम डेटा, म्हणजे अंतराळातून रडारने मोजलेल्या जमिनीच्या उंच्या, फुकट मिळतो. तो क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये घे आणि हिलशेड, म्हणजे डोंगरांच्या उजेड-सावलीचं चित्र, काढ. ते चित्र वळवून तळाला ठेवलंस तर रांगांना खरे उतार येतील, आणि सातपुड्यातले यावलचे डोंगर कुणी ओळखणार नाही. फक्त उजेड वरून-डावीकडून पडला पाहिजे, नाहीतर दऱ्या डोंगरांसारख्या दिसतात. चित्र घड्याळाच्या दिशेने 90 अंश फिरवणार असशील, तर अझिमुथ, म्हणजे उजेड येण्याची दिशा (उत्तरेपासून अंशांत), 315 ऐवजी आधीच 225 ठेव.

नद्या, वाटा, सीमा, नावं वेगवेगळ्या लेयरवर. लेखक गावाचं नाव बदलतोच, तेही छपाईच्या आदल्या आठवड्यात. नावं इंकस्केप या रेखाचित्रांच्या प्रोग्रॅममध्ये लिही आणि जोडाक्षरं मोठी करून तपास. छापखान्याला देताना अक्षरांचे पाथ (नुसत्या आकाररेषा) कर, म्हणजे फाँट नसला तरी अडणार नाही, पण मूळ फाइल जपून ठेव.

पुस्तक डेमी (साडेपाच बाय साडेआठ इंच) आकाराचं, आतली छपाई काळी-पांढरी. 300 डीपीआयला, म्हणजे इंचाला 300 पिक्सेल धरून, पान 1650 बाय 2550 पिक्सेल होतं. तुझी हिरवी अरण्यं आणि तांबडं वाळवंट त्यात एकाच करड्या रंगाचे होतील, म्हणून रंगांऐवजी रेघा आणि ठिपके वापर. नकाशा जोडपानावर गेला तर मधल्या शिवणीत बंदर येऊ देऊ नकोस.

दुरुस्त्या किती फेऱ्यांत करून देणार, ते पैशांबरोबरच आता ठरवून घे. प्रवासांची यादी झाली की आधी ती पाठव, नकाशा नंतर.